टॉर्च साँग पहिल्यांदा गायला घेताना

परदेशातल्या तुमच्या गावी हौशी नाट्यसंस्थेची ऑडिशन आहे, किंवा इथे म्युझिकल थिएटरचा अभ्यासक्रम सुरू केलाय, आणि समोरून निरोप आला, "एखादं जुनं टॉर्च साँग तयार करून या." गळा तयार आहे. भावगीतं, नाट्यगीतं गाऊन झाली आहेत. तरी नेमकं काय गायचं, कागद कुठला आणायचा, पियानोवाल्याला काय सांगायचं, यातलं काहीच कळत नाही. अशा माणसासाठी हा लेख आहे.

टॉर्च म्हणजे इथे विजेरी नव्हे, मशाल. सोडून गेलेल्या, आपली पर्वा नसलेल्या किंवा आपल्या मनातलं ज्याला ठाऊकच नाही अशा माणसावर कुणी जीव लावून बसलं असेल, तर इंग्रजीत म्हणतात की ती त्याच्यासाठी मशाल धरून आहे. त्यावरून या गाण्यांना नाव पडलं. मशाल अजून पेटती आहे, हे गाताना विसरायचं नाही. नवे लोक पहिल्या ओळीपासून रडायला लागतात आणि तिथेच गाणं विझतं. प्रेम संपलं म्हणून ही बाई गात नाही. ते संपत नाही, ही तिची अडचण आहे.

लागणारं सामान

- गाण्याचं पियानो-व्होकल शीट म्युझिक, मूळ पट्टीतलं आणि तुमच्या पट्टीतलं, प्रत्येकी दोन प्रती
- शब्दांचा वेगळा कागद, ओळी न पाडता गद्यासारखा लिहिलेला
- छोटा कीबोर्ड (नसेल तर स्वर शोधण्यापुरती पेटी चालेल)
- फोनवर मेट्रोनोम आणि रेकॉर्डर
- शिसपेन्सिल, खोडरबर. पेन नको, खुणा रोज बदलतात
- तीन कड्यांची फाइल

मुंबईत धोबी तलावाच्या फुर्ताडोस या संगीताच्या दुकानात छापील संग्रह मिळतात. शीट म्युझिक विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांतून एकेक गाणं विकत घेऊन पट्टी बदलूनही छापता येतं.

१. गाणं खरंच टॉर्च साँग आहे का, ते तपासा

तीन प्रश्न विचारा. ज्याच्याबद्दल गाणं आहे तो समोर आहे का? असेल तर ते बहुधा प्रेमगीत किंवा भांडण. गाणारीला आपली परिस्थिती कळते का? कळत नसेल तर ते स्वप्नाळू गाणं. आणि कळूनही ती सोडून देते का? देत असेल तर तो निरोप. तो नाही, तिला सगळं कळतंय, तरी ती सोडत नाही, असं तिहेरी उत्तर आलं की टॉर्च साँग.

जुन्या मोजक्या गाण्यांवर कान तयार करा. 'झीगफेल्ड फॉलीज'च्या १९२१ च्या खेळात फॅनी ब्राइसने गायलेलं 'माय मॅन' हे मूळ फ्रेंच गाणं, मोरिस इव्हँच्या चालीचं. ब्राइस विनोदी नटी म्हणून गाजलेली, आणि तिने हे गाणं साध्या कपड्यांत, एकही विनोद न करता म्हटलं. १९२७ च्या 'शो बोट' या संगीतनाटकात हेलन मॉर्गनने 'बिल' गायलं. पियानोवर चढून बसायची तिची लकब या गाण्यांची ओळखच होऊन बसली. १९२९ च्या 'द लिटल शो'मधलं 'मोनिन लो' आणि १९३० च्या 'थ्रीज अ क्राउड'मधलं 'बॉडी अँड सोल' ही दोन्ही लिबी होलमनची. 'सिंपल सायमन'मधलं 'टेन सेंट्स अ डान्स' रूथ एटिंगचं, तेही १९३०. 'रॉबर्टा'मधलं 'स्मोक गेट्स इन युअर आइज' १९३३ चं. मग उडी मारून १९७१ च्या 'फॉलीज'मधल्या 'लूझिंग माय माइंड'वर या. जुन्या टॉर्च साँगची ही जाणूनबुजून केलेली नक्कल आहे, आणि अस्सलाच्या तोडीची. गर्शविनचं 'द मॅन आय लव्ह' समोर ठेवून ती चाल बांधली, असं तिचे संगीतकार स्टीव्हन सॉन्डहाइम यांनीच सांगून ठेवलं आहे.

मॉर्गन आणि होलमन लागोपाठ ऐका. मॉर्गनचा आवाज उंच, पातळ, जरासा थरथरता. होलमनचा खालचा, गडद, जवळजवळ पुरुषी. टॉर्च साँग म्हणजे घोगरा, धुरकट आवाजच लागतो ही समजूत तेवढ्यानेच जाईल. आपला आवाज मुद्दाम जाड करायला जाऊ नका. दोन आठवड्यांत घसा बसतो.

२. पहिलं गाणं सोपं निवडा, आणि 'सोपं' कशाला म्हणतात ते समजून घ्या

इथे सूर लागणं तितकंसं अवघड नसतं. अवघड असतं ते हळू लयीत रिकाम्या जागा धरून ठेवणं.

'बिल' पहिल्यासाठी उत्तम. चाल ऐसपैस, शब्द बोलण्यासारखे, आणि त्यात दुःख असं नाहीच. देवासारखा देखणा नवरा मिळेल असं वाटलं होतं, मिळाला हा साधासुधा माणूस, आणि तरी तोच का आवडतो ते सांगता येत नाही, एवढंच ती म्हणते. रडू येतं ते गोष्टीमुळे. नवऱ्याने टाकलेली, दारूच्या आहारी गेलेली ज्यूली शिकागोच्या एका नाइटक्लबात तालमीसाठी हे गाणं म्हणते. गंमत अशी की ते 'शो बोट'साठी लिहिलेलंच नव्हतं. जेरोम कर्न आणि पी. जी. वुडहाउस यांनी ते १९१८ च्या एका विनोदी नाटकासाठी केलं होतं, तिथून ते गाळलं गेलं. पुढे ऑस्कर हॅमरस्टाइनने शब्दांवर हात फिरवला आणि ते ज्यूलीच्या तोंडी आलं. शब्द हलकेफुलके आणि परिस्थिती जड, ही फट त्यामुळेच राहिली आहे. गाताना ती बुजवू नका.

'टेन सेंट्स अ डान्स' अभिनय बरा आणि आवाज मध्यम असलेल्यांसाठी. दहा सेंटच्या तिकिटावर परक्या माणसांबरोबर नाचणारी मुलगी, दुखणारे पाय, आणि यमकं इतकी चटपटीत की हसू यावं.

'बट नॉट फॉर मी' १९३० च्या 'गर्ल क्रेझी'मधलं. स्वतःची टिंगल करत केलेलं दुःख. आपल्याकडच्या मुलींना हा स्वभाव पटकन साधतो, कारण रडवेला स्वर लावायला यात वावच नाही.

'बॉडी अँड सोल' आणि 'लूझिंग माय माइंड' दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. पहिल्यात मधला भाग अवघड आहे, त्याबद्दल पुढे येईल. दुसऱ्यात एकच वेड न हलता, न हात हलवता वाढवत न्यायचं असतं, आणि बहुतेक जण अर्ध्यातच मोठा आवाज खर्चून बसतात.

काही गाणी तूर्त बाजूला ठेवा. 'लेस मिझराब्ल'मधलं 'ऑन माय ओन' ऑडिशन घेणाऱ्यांनी इतकं ऐकलेलं असतं की पहिल्या दोन बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) त्यांचं लक्ष उडतं. शिवाय शेवटचा भाग आधीपेक्षा वरच्या पट्टीत जातो, सुरुवातीची पट्टी सोयीची म्हणून फसायला होतं. 'सेंड इन द क्लाउन्स' (१९७३) मूळ नटी ग्लिनिस जॉन्स हिला लांब श्वास पुरत नसे म्हणून आखूड ओळींत बांधलं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण मात्रा बारागणिक बदलतात, आणि बाई अर्धं आयुष्य जगून झालेली हवी. एकोणीस वर्षांच्या तोंडी ते शोभत नाही. 'ऑलिव्हर!'मधली नॅन्सी 'अॅज लाँग अॅज ही नीड्स मी' म्हणते ती मार खाल्ल्यानंतर. गाण्याची चाल भव्य आहे म्हणून तो मार विसरून गायलं की ऐकवत नाही.

'शो बोट'मधलंच 'कान्ट हेल्प लव्हिन डॅट मॅन' कृष्णवर्णीयांच्या बोलीत लिहिलेलं आहे, आणि गोऱ्या समजल्या जाणाऱ्या ज्यूलीला ते कसं ठाऊक, हीच नाटकातली कळीची खूण आहे. ती बोली वेडावल्यासारखी झाली तर अपमान होतो. 'सपर टाइम' (१९३३, एथेल वॉटर्स) अनेक संग्रहांत टॉर्च साँगच्या रांगेत बसवलेलं सापडतं. त्यातल्या बाईचा नवरा सोडून गेलेला नाही. जमावाने त्याला ठार मारलंय आणि तिला मुलांना जेवायला वाढायचंय. ते गाणं प्रेमभंगाचं म्हणून गाऊ नका.

पुरुषांना पर्याय कमी, पण आहेत. 'ऑन द टाउन'मधलं 'लोनली टाउन' (१९४४) हे चोवीस तासांच्या सुट्टीवर न्यूयॉर्कला उतरलेल्या खलाशाचं. गाण्याचा गळाच नसेल तर 'माय फेअर लेडी'मधलं 'आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस' (१९५६). रेक्स हॅरिसन ते अर्धं बोलतच म्हणत असे.

३. योग्य कागद मिळवा

एकाच गाण्याचे चार-चार कागद फिरत असतात. तुम्हाला हवा तो पियानो-व्होकल: वर गायकाची ओळ, खाली पियानोच्या दोन ओळी. जाझवाल्यांची लीड शीट, म्हणजे नुसती चाल आणि वर कॉर्ड्सची अक्षरं, ऑडिशनला नेऊ नका. त्यात बहुधा व्हर्स गाळलेली असते आणि कॉर्ड्स बदललेल्या असतात.

व्हर्स हा शब्द इथेच समजून घ्या. जुन्या ब्रॉडवे गाण्याचे दोन भाग असतात. सुरुवातीची, बोलल्यासारखी, साधारण सोळा बारांची व्हर्स. मग सगळ्यांना पाठ असलेला, बहुधा ३२ बारांचा रिफ्रेन. रेकॉर्डवर व्हर्स अनेकदा नसते, म्हणून लोकांना ती असते हेच माहीत नसतं. ही बाई कोण, कुठे उभी आहे, ते व्हर्समध्येच कळतं. वेळ असेल तेव्हा ती गाच.

छपाईचा सापळा: अमेरिकी शीट म्युझिकचं जुनं माप ९ बाय १२ इंच. ए-फोर कागद ८.२७ बाय ११.६९. तशीच झेरॉक्स काढली तर तळाची ओळ, म्हणजे पियानोचा डावा हात, कापला जातो. ९० टक्क्यांवर काढा आणि प्रत्येक पानाच्या तळाला पाचही रेघा दिसतात का ते पाहा.

४. पट्टी ठरवा, पण 'सा'वरून नव्हे

आपल्याकडच्या गायकांची सर्वांत मोठी चूक इथे होते. "माझी काळी चार" म्हणून पियानोवाल्याला काळी चार सांगायची. पण आपली पट्टी म्हणजे आपला सा, आणि त्याच्या भोवती मंद्र-मध्य-तार अशी फिरण्याची सवय. या गाण्यांत चाल 'सा'भोवती फिरतेच असं नाही. एखादं गाणं खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत जातं, दुसरं सा ते वरचा ग. पट्टी एकच ठेवली तर एकात घसा तळाला घासतो, दुसऱ्यात छताला.

म्हणून असं करा. कागदावर सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधून त्यांना गोल करा. ते कीबोर्डवर वाजवा. मग आपला सकाळचा खालचा स्वर (शब्दासकट ऐकू येईल असा) आणि दमल्यावरही सुखाने लागणारा वरचा स्वर ठरवा. गाण्याचे दोन गोल तुमच्या दोन टोकांच्या आत बसेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकवा. मूळ छपाई काळी दोनमध्ये, म्हणजे ई फ्लॅटमध्ये असेल आणि तुम्हाला दोन अर्धे स्वर खाली हवं असेल तर ती काळी एक, डी फ्लॅट. पियानोवाल्याला पाश्चात्त्य नावच सांगा. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प किंवा ए फ्लॅट, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट.

वरचा स्वर ठरवताना तो कुठल्या शब्दावर येतो तेही पाहा. बायकांचा छातीचा आवाज साधारण ४४० हर्ट्झच्या पांढरी सहाच्या आसपास ताणायला लागतो. त्यावर 'ई'सारखा बंद स्वर आला तर आणखी अर्धा स्वर खाली उतरा.

तानपुरा लावून सराव करू नका. सवयीने हात तिकडे जातो, पण या गाण्यांत 'सा' स्वतःच जागा बदलतो. 'बॉडी अँड सोल'च्या ब्रिजमध्ये, म्हणजे मधल्या भागात, घर कोमल रे वर सरकतं आणि चार बारांनी मूळ सा च्याही खाली, शुद्ध नी वर येतं. 'स्मोक गेट्स इन युअर आइज'चा ब्रिज कोमल धैवतावर घर करतो. खाली मूळ सा वाजत राहिला तर बरोबर लागलेला स्वरही चुकीचा ऐकू येईल आणि तुम्ही तो दुरुस्त करायला जाल. त्याऐवजी पियानोचा डावा हात, म्हणजे नुसता बास, रेकॉर्ड करून त्यावर गा. पेटीवर हे जमत नाही, एक हात भात्यावर अडकलेला असतो.

५. चाल बाजूला ठेवून शब्द बोला

गद्यात लिहिलेला कागद घ्या आणि मैत्रिणीला सांगितल्यासारखा बोला. तीन दिवस फक्त एवढंच. मग समासात मराठीत उत्तरं लिहा. हे आत्ता का म्हणते? किती वाजले आहेत? तो शेवटचा कधी भेटला? खोलीत दुसरं कोण आहे? 'बिल'मध्ये क्लबचे लोक आहेत, 'लोनली टाउन'मध्ये अख्खं शहर आहे, काही गाण्यांत कुणीच नाही. ऐकणारा बदलला की आवाजाचं माप बदलतं.

त्यानंतर प्रत्येक ओळीसमोर एक क्रियापद लिहा: समजावते, टाळते, कबूल करते, चिडवते, मागते. 'दुःखी होते' हे क्रियापद चालणार नाही, ते करून दाखवता येत नाही. यादीत 'कबूल करते' दोनदापेक्षा जास्त आलं तर गाणं सपाट झालं समजा.

६. रचना ओळखून जोर वाटून द्या

बहुतेक रिफ्रेन आठ-आठ बारांचे चार तुकडे असतात: अ, अ, ब, अ. 'ब' म्हणजे ब्रिज. आपल्या कानाला अंतऱ्याची आठवण होईल, पण अंतऱ्यानंतर आपण ध्रुवपदावर निवांत परततो. इथे तिसरा 'अ' पहिल्यासारखा गायचा नसतो, कारण मधे ब्रिजमध्ये काहीतरी घडून गेलेलं असतं.

वाटणी अशी करून पाहा. पहिला 'अ' बोलण्याच्या आवाजात, माहिती दिल्यासारखा. दुसऱ्यात एकच शब्द उजळायचा, कुठला ते आधीच ठरवून. ब्रिजमध्ये आशा. हो, आशाच. 'द मॅन आय लव्ह'मध्ये ब्रिज मायनरकडे, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांकडे, झुकतो म्हणून लोक तिथे कोसळतात, पण शब्द पाहा, ती तिथे भविष्याचे बेत करते आहे. शेवटच्या 'अ'मध्ये ती आशा ठेवून परत त्याच वाक्यावर येणं. मोठा आवाज लावायचाच असेल तर ब्रिजच्या शेवटच्या दोन बारांत. शेवटची ओळ बहुधा हलकी.

'बट नॉट फॉर मी'सारखी गाणी अ-ब-अ-क अशी असतात. त्यांत ब्रिज नाही, वळण शेवटच्या आठ बारांत येतं. कागदावर तुकडे पेन्सिलीने पाडल्याशिवाय पाठ करायला बसू नका.

७. लय, श्वास आणि उशिरा येणं

मेट्रोनोम मिनिटाला ६० ते ७२ ठोक्यांच्या दरम्यान. ६६ ला चार मात्रांचे ३२ बार सुमारे एक मिनिट ५६ सेकंद चालतात, सोळा बार ५८ सेकंद. चार बारांची ओळ साडेचौदा सेकंदांची, म्हणजे एका श्वासाला जड. पण अशा ओळी बहुधा दोन-दोन बारांत अर्थाने तुटतात. श्वासाच्या खुणा अर्थ पाहून करा. क्रियापद आणि कर्म यांच्या मधे श्वास घेतला की इंग्रजी ऐकणाऱ्याला लगेच खटकतं.

ख्यालात बारकावे जागेवर फुलवायची आपली सवय. इथे मुरकी, मींड, हरकत शून्य. दोन स्वरांमधली घसरण फार तर दोन ठिकाणी, आणि तीही ठरवून. रिकाम्या जागेत आलाप भरू नका. ती जागा पियानोची आहे. बाराच्या पहिल्या मात्रेला समेसारखं उतरण्याची ओढही आवरा. प्रत्येक बारावर वजन पडलं की गाणं कवायतीसारखं चालतं.

उशिरा येणं ही या गाण्यांची खास गोष्ट. पियानो वेळेवर चालतो, गायिका ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलते आणि शेवटचा शब्द पुन्हा वेळेवर ठेवते. मनाविरुद्ध बोलणाऱ्या माणसासारखं ते वाटतं. आधी आठवडाभर अगदी काट्यावर गा, मग एका तुकड्यात एकच ओळ उशिरा न्या. सगळ्याच ओळी उशिरा गेल्या तर तुम्ही फक्त मागे पडलेल्या दिसता. व्हर्समध्ये हा प्रश्न नाही. तिथे पियानोच तुमच्या मागे येतो. कागदावर 'कोल्ला व्होचे' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तोच.

८. मराठी जिभेसाठी उच्चार

लांब स्वरावर दोन स्वरांचा जोड येतो तिथे पहिला स्वर धरा, दुसरा अगदी शेवटी. 'अलोन' म्हणताना 'ओ' धरायचा, 'उ' जाता जाता. 'नाइट'मध्ये 'आ' लांबवायचा, 'इ' नव्हे. 'मॅन'मधला 'ॲ' तोंड उघडून, नाहीतर तो 'मेन' होतो. 'लव्ह'च्या शेवटी आपण 'व्ह' असा हवा सोडणारा उच्चार करतो. तिथे दात खालच्या ओठावर टेकवून गुणगुणता 'व' करा. 'व्हाय', 'वॉच' यांत मात्र ओठ गोल, दात लागायचे नाहीत. ट आणि ड टाळूवर मागे न लावता वरच्या दातांच्या हिरडीवर. व्यंजन मात्रेच्या किंचित आधी, स्वर नेमका मात्रेवर. एवढ्याने लय निम्मी सुधारते.

९. पियानोवाल्याशी अर्धं मिनिट

ऑडिशनमध्ये पियानो वाजवणारा तुमचं गाणं पहिल्यांदाच पाहत असतो. पानं फाइलमध्ये पाठपोट, चकाकी नसलेल्या पाकिटांत. सुटी पानं पंख्याखाली उडतात. सुरुवातीची पट्टी, लय, सुरुवातीचे बार किती (दोन पुरेत), कुठून कुठे उडी, कुठे शेवट, हे ठळक पेन्सिलीत. मग जवळ जाऊन नमस्कार-हॅलो करून पहिली ओळ हळू आवाजात गुणगुणा, हीच लय दाखवायची पद्धत. चुटक्या वाजवू नका, ते उद्धट समजतात. गाताना त्यांच्याकडे वळून हाताने लय वाढवू-कमी करू नका. पुढची ओळ तुम्ही ज्या लयीत उचलाल तिथे ते येतात.

सोळा बार मागितले असतील तर बहुधा ब्रिज आणि शेवटचा 'अ'. पहिले सोळा घेतले तर गोष्ट सुरूच होत नाही. कापलेली जागा झेरॉक्सवरच चिकटवून नवीन प्रत काढा. "इथून तिथे जा" असे बाण तीन पानांवर पसरले की चूक ठरलेली.

१०. हक्कांचं थोडक्यात

प्रकाशनाला ९५ वर्षं झाली की अमेरिकेत गाणं मुक्त होतं. म्हणजे १९३० आणि त्याआधी प्रकाशित झालेली गाणी तिथे १ जानेवारी २०२६ पासून मुक्त आहेत. इतर बऱ्याच देशांत हिशेब कर्त्याच्या मृत्यूपासून धरतात, त्यामुळे चाल आणि शब्द यांचे कर्ते वेगवेगळे तपासा. गाणं मुक्त असलं तरी नवी मांडणी आणि रेकॉर्डिंग मुक्त असतंच असं नाही. बॅकिंग ट्रॅक लावून व्हिडिओ टाकला की बहुधा तिथेच तो अडकतो. नुसतं उभं राहून गाणं आणि वेशभूषेसह, संवादासह प्रसंग करणं यांचे परवाने निराळे. भारतात सार्वजनिक कार्यक्रमासाठी आयोजकाने आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना घेतला आहे का ते विचारून ठेवा.

११. उभं कसं राहायचं

पियानोवर बसायचा मोह होईल. हेलन मॉर्गनने ते केलं तेव्हा ती तिची गोष्ट होती, आज ती नक्कल दिसते. पाय स्थिर, हात बाजूला. छातीवर हात, मिटलेले डोळे, आकाशाकडे पसरलेला तळवा, हे तिन्ही वर्ज्य. डोळे मिटले की प्रेक्षकाला दार बंद झाल्यासारखं वाटतं. समोरच्या भिंतीवर, परीक्षकाच्या डोक्याच्या जरा वर, एक जागा ठरवा. तो माणूस तिथे. नजर तिथून हलली तर कारणानेच हलावी: खोटं बोलताना, किंवा काहीतरी आठवताना.

माइक असेल तर तोंडापासून दोन-तीन बोटं. जवळ आणला की खालचा आवाज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. ब्रिजच्या मोठ्या जागेवर माइक वीतभर दूर न्या.

तालमीत एकदा पूर्ण रडून घ्या, मुद्दाम. कुठल्या शब्दावर घसा दाटतो ते कळेल. त्या शब्दाच्या आधी पेन्सिलीने श्वासाची खूण करा आणि ती ओळ पुढच्या वेळी सर्वांत स्वच्छ, सर्वांत कोरडी म्हणा.

शेवटचा स्वर संपला तरी पियानो अजून दोन-चार बार वाजत असतो. नवखे तिथे लगेच हसतात किंवा "थँक यू" म्हणतात. नजर त्याच जागेवर राहू द्या, श्वास चालू द्या, आणि पियानोवाल्याचा पाय पेडलवरून उठेपर्यंत हलू नका.